कोर्स संपला आणि जुलाब सुरू झाले

प्रश्न: आईचं वय ७१ आहे. दाढेच्या मुळाशी पू झाला म्हणून तिला सात दिवस क्लिंडामायसिनच्या कॅप्सूल दिल्या होत्या. दाढेचं दुखणं थांबलं, पण कोर्स संपल्यावर सहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले. आज चौथा दिवस. दिवसातून सात-आठ वेळा पाण्यासारखं होतं, ओटीपोटात कळा येतात, काल संध्याकाळी १००.६ ताप होता. लोपेरामाइडच्या दोन गोळ्या दिल्यावर रात्रभर जुलाब थांबले, पण पोट फुगलं आणि सकाळी पुन्हा सुरू झाले. शौचाची साधी तपासणी आणि कल्चर दोन्ही नॉर्मल आले. मागच्या वेळच्या ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या गोळ्या घरात आहेत, त्या सुरू करू का? तिला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी आणि ॲसिडिटीसाठी दोन वर्षांपासून पॅन्टोप्राझोल चालू आहे. घरात माझी आठ महिन्यांची मुलगी आहे. सगळीकडे सॅनिटायझर ठेवलं आहे, ते पुरेल का?

उत्तर: शिल्लक गोळ्या सुरू करू नका. लोपेरामाइड आजपासून बंद. आणि आईंना आजच डॉक्टरांकडे न्या. उद्यावर टाकू नका. जाताना क्लिंडामायसिनचं रिकामं पाकीट, चालू औषधांची यादी आणि झालेले रिपोर्ट बरोबर असू द्या. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "क्लिंडामायसिनचा कोर्स संपल्यावर सहाव्या दिवसापासून जुलाब आहेत." ही एक माहिती सुटली, तर आईंचा आजार साधं पोट बिघडणं समजून बाजूला पडू शकतो.

तुम्ही सांगितलेल्या गोष्टी एकत्र पाहिल्या तर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूचा संशय सगळ्यात आधी घ्यायला हवा. रुग्णालयांत त्याला थोडक्यात सी. डिफ म्हणतात. ६५च्या पुढचं वय, क्लिंडामायसिन, कोर्स संपल्यावर सुरू झालेले जुलाब, ताप, ओटीपोटातल्या कळा. यातली एखादीच गोष्ट असती तर एवढी घाई करा म्हटलं नसतं. पॅन्टोप्राझोलच्या गटातल्या औषधांचाही या आजाराशी संबंध आढळलेला आहे.

अँटिबायोटिक घेताना होणारा प्रत्येक जुलाब सी. डिफचा नसतो. बहुतेक वेळा कारण साधं असतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू आपल्याला न पचलेली पिष्टं आणि तंतू आंबवतात. औषधाने ते कमी झाले की न आंबलेला भाग पाणी ओढून घेतो आणि शौचाला पातळ होतं. काही औषधं स्वतःच आतड्याची हालचाल वाढवतात, एरिथ्रोमायसिन त्यातलं एक. असे जुलाब सहसा औषध चालू असतानाच लागतात, दिवसातून तीन-चार वेळा होतात, ताप नसतो, कळा सौम्य असतात आणि औषध बंद झाल्यावर काही दिवसांत थांबतात. आईंचं चित्र असं नाही.

सी. डिफमध्ये घडतं ते वेगळं. हा जिवाणू हवेत टिकत नाही, पण प्रतिकूल काळात स्वतःभोवती जाड कवच करून बीजाणूच्या रूपात राहतो. हे बीजाणू जमिनीवर, नळावर, दाराच्या कडीवर महिनोन्महिने तग धरतात आणि हातावरून तोंडात जातात. पोटातल्या आम्लाने ते मरत नाहीत. निरोगी आतड्यात नेहमीच्या जिवाणूंची एवढी गर्दी असते की त्यांना रुजायला जागा मिळत नाही. शिवाय हे जिवाणू पित्तातल्या काही आम्लांचं रूप बदलतात, आणि ते बदललेलं रूप सी. डिफला वाढू देत नाही. क्लिंडामायसिन ही गर्दी हटवतं. मग बीजाणू उमलतात आणि जिवाणू ए आणि बी अशी दोन विषं सोडतो. मोठ्या आतड्याचं अस्तर सुजतं. आजार जास्त असेल तर त्यावर पिवळट पापुद्रे धरतात. आतड्यातली ही उणीव औषध संपल्याबरोबर भरून येत नाही, म्हणूनच जुलाब कोर्सनंतरही लागू शकतात. औषध चालू असताना आणि नंतरचा एक महिना धोका सगळ्यात जास्त, आणि तीन महिन्यांपर्यंत तो लक्षात ठेवावा लागतो.

१९३५ मध्ये हा जिवाणू पहिल्यांदा नवजात बाळांच्या शौचात सापडला. वाढवायला अवघड, म्हणून नाव डिफिसिल. १९७०च्या दशकात क्लिंडामायसिननंतर होणाऱ्या आतड्याच्या सुजेला त्या औषधाचंच नाव पडलं होतं. खरा कारणीभूत हा जिवाणू आहे हे १९७८ मध्ये कळलं. दोष एकट्या क्लिंडामायसिनचाही नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन-लेव्होफ्लॉक्सासिनचा गट, सेफिक्झिम-सेफ्ट्रिअॅक्झोनसारखी सेफॅलोस्पोरिन, मेरोपेनेमचा गट आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलानिक आम्ल यांनीही हे होतं. डॉक्सिसायक्लिनने तुलनेने क्वचित. तुमच्या घरातल्या ऑफ्लॉक्सासिनचा नंबर पहिल्याच गटात लागतो. ते दिलंत तर आतड्यात उरलेले चांगले जिवाणूही जातील. सोबतचं ऑर्निडाझोल आजार अर्धवट दाबून ठेवेल आणि निदान लांबेल. म्हणून त्या गोळ्यांना आमचा स्पष्ट नकार आहे.

लोपेरामाइडबद्दलही नीट समजून घ्या, कारण तुम्ही ते काळजीपोटीच दिलंत. ते आतड्याची हालचाल मंदावतं, त्यामुळे विष आणि जिवाणू आत जास्त वेळ राहतात. सुजलेलं आतडं ढिलं पडून फुगण्याचा धोका असतो. म्हणून सी. डिफचा संशय असताना आणि त्यावर उपचार सुरू नसताना ते देत नाहीत. गोळी दिल्यावर आईंचं पोट फुगलं, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता तुमचे रिपोर्ट. साधी तपासणी आणि नेहमीचं कल्चर नॉर्मल आलं याचा अर्थ सी. डिफ नाही असा होत नाही. ते कल्चर हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी असतं, हा जिवाणू तिथे उगवतच नाही. तपासणी नाव लिहून मागावी लागते. त्यात दोन पायऱ्या असतात. जीडीएच चाचणी जिवाणू आहे का ते सांगते, टॉक्सिनची चाचणी तो विष तयार करतोय का ते सांगते. दोन्हींचे निकाल जुळले नाहीत तर पीसीआर करतात. नुसत्या पीसीआरवर विसंबण्यात एक अडचण आहे. विष बनवण्याचं जनुक पीसीआरला सापडतं, पण आजारी नसलेल्या माणसाच्या आतड्यातही असा जिवाणू गुपचूप राहत असतो. म्हणून रिपोर्ट आणि लक्षणं एकत्र वाचावी लागतात.

नमुना देताना बऱ्याच चुका होतात, म्हणून थोडं सविस्तर. शौच पातळ असेल तेव्हाच नमुना घ्यायचा, डबीत ओतला तर डबीचा आकार घेईल इतका पातळ. घट्ट शौचाची ही तपासणी करत नाहीत. रुंद तोंडाच्या, स्वच्छ, घट्ट झाकणाच्या डबीत दोन चमचे पुरतात. त्यात लघवी किंवा संडासातलं पाणी मिसळू देऊ नका. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा. ते जमत नसेल तर डबी दोन पिशव्यांत बंद करून २ ते ८ अंश सेल्सिअसला थंड ठेवा, अन्नापासून वेगळी. खोलीच्या तापमानात विष हळूहळू नष्ट होतं आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. गेल्या ४८ तासांत आईंनी पोट साफ होण्याचं औषध घेतलं असेल तर तेही सांगा. नमुन्याबरोबरच रक्ताच्या दोन तपासण्या व्हायला हव्यात: पांढऱ्या पेशी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं). पांढऱ्या पेशी १५,००० किंवा त्याहून जास्त किंवा क्रिएटिनिन १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर आजार गंभीर धरतात.

काही लक्षणांत मात्र रिपोर्टची वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. पोट टणक होऊन फुगत चाललं. ताप १०१.३च्या वर गेला. शौचात रक्त दिसलं. उठताना अंधारी येऊ लागली, आई गोंधळल्यासारखं बोलू लागल्या, किंवा सहा-आठ तासांत लघवीच झाली नाही. आणखी एक लक्षण फार फसवं आहे: जुलाब अचानक थांबले, पण पोट फुगलं आणि दुखणं वाढलं. घरच्यांना वाटतं उतार पडला. प्रत्यक्षात आतडं काम करेनासं झालेलं असू शकतं, आणि अशा वेळी तास मोलाचे असतात.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत आणि नंतरही शरीरातलं पाणी आणि क्षार भरून काढायला हवेत. तयार ओआरएसचं पाकीट सगळ्यात चांगलं. पाकिटावर लिहिलेल्या मापाएवढ्याच पाण्यात ते पूर्ण विरघळवा. अर्धं पाकीट अंदाजाने अर्ध्या पेल्यात घालणं धोक्याचं, क्षार जास्त होतात. पाकीट मिळेपर्यंत १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. चमचा ५ मिलिलिटरचा, आणि शीग लावायची नाही. प्रत्येक जुलाबानंतर २०० ते ४०० मिलिलिटर, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याने पुन्हा सुरू करा. तयार केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. आईंना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जेवण बंद करू नका, हलकं आणि थोडं थोडं द्या. फळांचे गोड रस आणि शीतपेयं नकोत, त्यांतल्या साखरेने जुलाब वाढतात.

रक्तदाबाच्या गोळीकडे माझं खास लक्ष गेलं. टेल्मिसार्टन आणि पाणी काढणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, दोन्ही एकाच गोळीत. शरीर कोरडं पडत असताना ही जोडी रक्तदाब खाली नेऊ शकते आणि मूत्रपिंडावर ताण आणते. पुढचा डोस देण्याआधी रक्तदाब मोजा, तो आकडा डॉक्टरांना फोनवर सांगा आणि जुलाब चालू असेपर्यंत गोळी थांबवायची का ते विचारा. पुष्कळदा काही दिवस थांबवायला सांगतात. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका, त्यानेही मूत्रपिंडावर भार येतो. तापाला पॅरासिटामॉल चालेल. पॅन्टोप्राझोल खरंच लागतं का, हा प्रश्न याच भेटीत काढा. दोन वर्षं चालू असलेली गोळी एकदम सोडली तर ॲसिडिटी उसळून येते, म्हणून सोडायची पद्धतही विचारून घ्या.

सी. डिफ निघालाच तर त्यावर अँटिबायोटिकच देतात, पण निवडक. फिडॅक्सोमायसिन २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा १० दिवस, किंवा व्हॅन्कोमायसिन १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा १० दिवस. पहिल्या औषधानंतर आजार उलटण्याचं प्रमाण कमी असतं, पण ते सगळीकडे मिळत नाही आणि महाग आहे. व्हॅन्कोमायसिन तोंडानेच घ्यायचं असतं. शिरेतून दिलं तर ते मोठ्या आतड्याच्या पोकळीत उतरत नाही, म्हणजे या आजारावर त्याचा उपयोग नाही. कॅप्सूल मिळत नसतील तर इंजेक्शनच्या कुपीतली पावडर पाण्यात विरघळवून प्यायला देतात. ५०० मिलिग्रॅमच्या एका कुपीत १२५चे चार डोस बसतात. हे मिश्रण डॉक्टर किंवा औषधतज्ज्ञ सांगतील त्या मापानेच करा. चव कडू असते. मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, हा जुना उपचार आता फक्त सौम्य आजारात आणि वरची दोन्ही औषधं मिळत नसतील तेव्हाच वापरतात. ते बरंचसं लहान आतड्यातच शोषलं जातं, मोठ्या आतड्यात कमी पोहोचतं. आईंना ते मिळालं तर "दुसरं काही मिळेल का" असं विचारायला संकोच करू नका.

उपचार लागू पडला की साधारण तीन ते पाच दिवसांत जुलाबांची संख्या उतरते. रोज किती वेळा झालं ते वहीत लिहा. आकडा उतरत नसेल तर दहा दिवस संपायची वाट न बघता कळवा. उतरला तरी औषध पूर्ण दहा दिवस द्या. बरं वाटल्यावर "गेला का पाहू" म्हणून पुन्हा शौच तपासू नका. जिवाणू कित्येक आठवडे सापडू शकतो, आणि त्या रिपोर्टमुळे विनाकारण दुसरा कोर्स दिला जातो.

आता सॅनिटायझर. ते पुरणार नाही. अल्कोहोलने सी. डिफचे बीजाणू मरत नाहीत. हात साबण आणि वाहत्या पाण्यानेच धुवायचे. साबणही बीजाणूंना मारत नाही, तो त्यांना त्वचेवरून सुटे करतो आणि पाणी वाहून नेतं, म्हणून चोळणं महत्त्वाचं. अंगठी काढून किमान २० सेकंद, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्यांवर आणि नखांखाली. आईंनी शौचानंतर आणि जेवणाआधी. तुम्ही त्यांना मदत केल्यावर, हातमोजे घातले असले तरीही. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवा.

शक्य असेल तर आईंना वेगळं शौचालय द्या. एकच असेल तर आईंचं झाल्यावर झाकण लावून फ्लश करायचा, आणि हात पोहोचतो त्या जागा रोज स्वच्छ करायच्या: सीट, फ्लशची कळ, नळ, दाराची मूठ, दिव्याचं बटण. खोलीतला फोन आणि थर्मामीटर विसरू नका. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढा, कारण मळ असेल तिथे ब्लीचचा जोर ओसरतो. मग साधारण ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं घरगुती ब्लीच, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, म्हणजे १०० मिलिलिटरला ९०० मिलिलिटर. पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे. फिरवून लगेच पुसलं तर उपयोग नाही. त्यानंतर साध्या पाण्याने पुसा. धातूच्या वस्तूंना ब्लीचने गंज चढतो आणि फोन-बटणांत ओलावा जाऊन ती बिघडतात, तिथे कापड नुसतं ओलसर ठेवा. मिश्रण रोज ताजं करा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. आणि हे कृपा करून ध्यानात ठेवा: ब्लीच शौचालयाच्या ॲसिडवाल्या क्लीनरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या द्रवात कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. आईंचे खराब झालेले कपडे झटकू नका, वेगळे ठेवा आणि कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात धुवा.

बाळाची काळजी तुमच्या पत्रात जाणवते. एक वर्षाच्या आतल्या अनेक बाळांच्या आतड्यात हा जिवाणू काही त्रास न देता असतो, म्हणून त्या वयात एरवी ही तपासणी करतही नाहीत. बाळाला काही लक्षण नसेल तर ना तपासणी, ना औषध. बाळाला जुलाब लागले तर मात्र त्याच्या डॉक्टरांना दाखवा, कारण त्या वयात पाणी फार लवकर कमी होतं. आईंचे जुलाब थांबून ४८ तास होईपर्यंत त्यांनी बाळाचं खाणं-दूध तयार करू नये आणि लंगोट बदलू नये. नातीला जवळ घ्यायचं असेल तर हात साबणाने धुऊन जरूर घेऊ द्या. एकाच घरात राहून आजीला नातीपासून तोडायची गरज नाही. घरात दुसरं कुणी अँटिबायोटिक घेत असेल तर त्याने मात्र जास्त जपावं.

दही किंवा प्रोबायोटिकच्या कॅप्सूल देऊ का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. त्यांनी सी. डिफ बरा होत नाही. अँटिबायोटिकच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू केल्यास काही प्रकारांमुळे जुलाब टळतात असं काही अभ्यासांत दिसलं आहे, पण सगळे तज्ज्ञ त्यावर सहमत नाहीत. दही सोसत असेल तर खुशाल द्या. सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट आहे. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांना किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेल्यांना ते देऊ नये.

बरं झाल्यावर एक गोष्ट मनाशी धरून ठेवा: हा आजार उलटतो. साधारण पाचातल्या एकाला, बहुतेक वेळा पुढच्या आठ आठवड्यांत. त्या काळात २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. दुसऱ्या वेळी फिडॅक्सोमायसिन किंवा कित्येक आठवडे हळूहळू कमी करत नेलेलं व्हॅन्कोमायसिन देतात. पुन्हा पुन्हा उलटला तर निरोगी, तपासलेल्या दात्याच्या शौचातले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात पोहोचवतात. ऐकायला विचित्र वाटेल. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत हा उपचार एकदाच देऊन ८१ टक्के रुग्ण बरे झाले, नुसत्या व्हॅन्कोमायसिनने ३१ टक्के. हे काम रुग्णालयातच होतं, घरी कदापि नाही. मात्र जुलाब थांबल्यावरही काही आठवडे पोट गुरगुरणं, एखाद-दुसऱ्यांदा सैल होणं याने घाबरू नका. सुजलेलं आतडं सावरायला वेळ घेतं.

निदान पक्कं झालं तर आईंच्या औषधांच्या यादीवर वरच्या बाजूला लिहून ठेवा: "सी. डिफ झाला होता, क्लिंडामायसिननंतर", आणि महिना-वर्ष. पुढे कोणीही अँटिबायोटिक लिहून देईल तेव्हा तो कागद दाखवा आणि विचारा की हे लागेलच का, आणि लागलं तर कमीत कमी किती दिवस. दंतवैद्यांना आत्ताच कळवा. पू औषधाने दबतो, पण मुळाशी असलेलं कारण रूट कॅनाल केल्याशिवाय किंवा दाढ काढल्याशिवाय जात नाही. ते राहिलं तर काही महिन्यांत दाढ पुन्हा सुजेल आणि पुन्हा अँटिबायोटिक घेण्याची वेळ येईल. आईंचे जुलाब थांबून अंगात ताकद आली की दाढेचं काम उरकून घ्या, आणि त्या वेळी क्लिंडामायसिन वगळायचं आहे हे खुर्चीत बसण्याआधीच सांगा.